तीस वर्षं बंद असलेल्या स्की टेकडीवरची जुनी डबल चेअर आणि टी-बार पुन्हा चालू करायची आहे: सुरुवात कुठून करावी?

डोंगरउतार (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. ठिकाण अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. गावाच्या मालकीची लहानशी स्की टेकडी १९९०च्या सुमारास बंद पडली, आता गावातली स्वयंसेवी संस्था ती पुन्हा उभी करू पाहते आहे. टेकडीवर तीन लिफ्ट होत्या.

एक, हॉल बनावटीची डबल चेअर (दोन माणसांच्या लटकत्या खुर्च्यांची लिफ्ट), १९६०च्या दशकातली. लांबी ९०० मीटर, चढ २१० मीटर, १२ टॉवर, २५ मिमीचा वाहक दोर, १०० खुर्च्या. ड्राइव्ह (दोर फिरवणारी यंत्रणा) माथ्यावर, काउंटरवेट (दोर ताणून धरणारं वजन) पायथ्याशी, अंदाजे ८ टनांचं. दोर अजून टॉवरवर आहे, खुर्च्याही लटकलेल्या आहेत. मूळ क्षमता तासाला १००० माणसं.

दोन, टी-बार (स्कीवर उभ्या माणसांना टी-आकाराच्या दांडीने वर ओढणारी लिफ्ट). लांबी ३५० मीटर, चढ ८० मीटर. दोर काढून नेलेला, टी-च्या दोऱ्या गुंडाळणारे स्प्रिंगचे डबे शेडमध्ये रचून ठेवलेले.

तीन, रोप टो (हाताने धरून वर ओढलं जायचं असा फिरता दोर). १५० मीटर. इंजिनाची शेड आणि काही खांब एवढंच उरलंय.

चेअरलिफ्ट आधी घ्यावी असा लोकांचा आग्रह आहे, कारण गावाच्या आठवणीत तीच आहे. जुना दोर वापरता येईल का? कुठली कामं स्वयंसेवकांनी करावीत, कुठली अजिबात करू नयेत? आणि लिफ्ट "बरी दिसते" यावर किती विश्वास ठेवावा?

---

पोलादी दोर

सर्वात आधी खुर्च्या लटकलेल्या दोराखालून माणसांची ये-जा थांबवा. हे काम आजच्या आज करा, बाकी सगळं नंतर.

क्रम उलटा घ्या: पहिल्या हिवाळ्यात रोप टो, मग टी-बार, शेवटी चेअर. अ‍ॅस्कटनी तुमच्याच राज्यात आहे. तिथलं रिसॉर्ट २०१०मध्ये बंद पडलं, मोठी चेअरलिफ्ट विकली जाऊन न्यू हॅम्पशायरमधल्या क्रॉचेड माउंटनवर गेली. नंतर गावाने जमीन घेतली, स्वयंसेवकांनी आधी रोप टो चालवला, त्यावर माणसं, विमा आणि तपासणीची घडी बसवली आणि मग टी-बार उभारला. तो डोंगर आजही चालतो. जमिनीवरून ओढणाऱ्या लिफ्टवर माणसाचं वजन बर्फ पेलतो. लिफ्ट थांबली तर माणूस उभा राहतो आणि उतरून जातो. चेअर थांबली तर तो जमिनीपासून आठ मीटर वर थंडीत अडकतो, आणि त्याला दोरीने खाली उतरवायची तयारी असलेली माणसं तुमच्याकडे रोज हजर लागतात.

जुना दोर वापरू नका. यावर चर्चेला जागाच नाही. हे दोर सहा लडींचे असतात आणि मधोमध गाभा असतो. त्या काळच्या दोरांत हा गाभा बहुधा ताग किंवा सिसलचा असे. चालू लिफ्टवर दोर सतत फिरतो, त्याला तेल मिळतं, पाणी झटकलं जातं. तीस वर्षं एकाच जागी राहिलेल्या दोरात पाणी गाभ्यापर्यंत मुरतं, आणि दोन टॉवरांच्या मधल्या झोळाच्या तळाशी साठून राहतं. बाहेरच्या तारा करड्या आणि ठीक दिसतात, पण आतून लडी एकमेकींना टेकतात त्या रेषेवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. बुलव्हीलभोवती (दोर वळवणारं टोकाचं मोठं चाक) वाकून बसलेला भाग तर हमखास खराब असतो. चुंबकीय दोरतपासणीत हे दिसतं, पण तुमच्या बाबतीत तो खर्चही करू नका. निकाल आधीच ठाऊक आहे.

दोर उतरवणं हे या प्रकल्पातलं सर्वात धोकादायक काम. ८ टनांचं काउंटरवेट म्हणजे पायथ्याशी दोन्ही बाजूंच्या दोरात प्रत्येकी ४ टन ताण. काउंटरवेट खड्ड्यात गोठून किंवा गाळात रुतून बसलेलं असेल तर ताण किती उरलाय ते नुसतं बघून कळत नाही. आधी दोर टॉवरला क्लॅम्पने जखडायचा, मग काउंटरवेट जॅकवर घ्यायचं, मग खुर्च्या एकेक करून उतरवायच्या. दोर सगळ्यात शेवटी सोडायचा. गंजलेला दोर कापताना उलगडून चाबकासारखा फिरतो. हे रोपवेची कामं करणाऱ्या टोळीकडूनच करून घ्या. स्वयंसेवकांनी त्या दिवशी झाडं तोडायलासुद्धा लाइनवर येऊ नये.

---

पायाभरणी

मी फक्त टॉवर आणि पाया यांबद्दल लिहितो.

तुमच्या लिफ्टमधली सर्वात टिकाऊ गोष्ट म्हणजे टॉवरचे नळ, आणि सर्वात दगाबाज गोष्ट म्हणजे ते नळ पायाला जिथे मिळतात ती दहा सेंटिमीटरची जागा. टॉवरच्या तळपट्टीखाली ग्राउट (सिमेंटचा भराव) असतं. ते तडकलं की पाणी आत जातं, गोठतं, फुगतं, पुन्हा वितळतं. अँकर बोल्ट वरून नटाजवळ छान दिसतात, पण ग्राउटच्या आत पेन्सिलीसारखे बारीक झालेले असतात. म्हणून नुसता नट ठोकून आवाज ऐकणं पुरेसं नाही. प्रत्येक बोल्टची वरून अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्या. शिवाय तीन-चार पायांवरचं ग्राउट फोडून बोल्ट उघडे करून डोळ्यांनी पाहा. हे पाये निवडताना कोरडे निवडू नका. जिथे उताराचं पाणी येऊन थडकतं तेच निवडा.

नळाच्या जाडीसाठी अल्ट्रासॉनिक गेजने तळापासून पहिल्या मीटरभरात चारही बाजूंनी मोजमाप घ्या. जुन्या टॉवरना खाली निचऱ्याचं भोक असतं. ते पानं आणि मुंग्यांच्या मातीने बुजलेलं सापडेल. बुजलेलं असेल तर आत पाण्याची पातळी कुठवर होती हे जाडीच्या आकड्यांवरून थेट कळतं, कारण ऐन त्या रेषेवर पत्रा खाल्लेला असतो.

मग टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाचं मोजणी-यंत्र) प्रत्येक टॉवरच्या माथ्याचं स्थान घ्या. उतारावरची माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते. पाया दोन अंश कलला असेल तर माथ्यावरची चाकांची रांग दोराच्या रेषेतून बाहेर जाते, आणि दोर चाकांच्या कडेवर चढून उतरतो. दोर उतरण्याच्या अपघातांमागे बरेचदा हीच छोटी वाटणारी बेरीज असते: थोडा कललेला टॉवर, थोडं झिजलेलं रबर आणि आडवा वारा. २८ डिसेंबर २०१० रोजी मेन राज्यात शुगरलोफवर जोराच्या वाऱ्यात १९७५ सालच्या डबल चेअरचा दोर टॉवरवरून उतरला, खुर्च्या जमिनीवर आल्या, माणसं जखमी झाली. आणि ती तर चालू, देखभालीखालची लिफ्ट होती.

पाया खराब निघाला तर ठिगळ लावू नका. मॅड रिव्हर ग्लेनची १९४८ची एकेरी खुर्ची २००७मध्ये नव्याने उभी केली तेव्हा टॉवर हेलिकॉप्टरने उचलून खाली आणले, घासून रंगवले आणि नव्या काँक्रीटवर परत बसवले. जुनेपण जपायचं असेल तर ते असं जपलं जातं: जुनं पोलाद, नवा पाया, नवा दोर.

एक इशारा: १९६०च्या दशकातल्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. तार-ब्रशने कोरडं घासण्यापूर्वी नमुना तपासून घ्या. ड्राइव्हच्या शेडमधला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर १९७९च्या आधीचे असतील तर त्यांतल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन आहे असं धरूनच चाला, गळती लागलेलं काही उचलू नका.

---

बुलव्हील

मोटार गुरगुरली आणि चाक फिरलं की लिफ्ट "चालू झाली" असं लोकांना वाटतं. पण लिफ्ट फिरवणं सोपं असतं, ती थांबवून धरणं अवघड.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. तासाला १००० माणसं, वेग सेकंदाला २.५ मीटर, म्हणजे दर ७.२ सेकंदांना एक खुर्ची, दोन खुर्च्यांत १८ मीटर. चढत्या बाजूला ५० खुर्च्या. माणसामागे ७७ किलो धरले तर भरलेल्या बाजूला ७,७०० किलो जास्त. ९०० मीटरमध्ये २१० मीटर चढ, म्हणजे खाली ओढणारं बळ साडेसतरा किलोन्यूटनच्या आसपास. त्यातून घर्षणाचे पाचेक वजा करा, तरी बारा उरतात. आता मोटार आणि बुलव्हील यांच्या मधला एखादा शाफ्ट तुटला अशी कल्पना करा. माणसं, खुर्च्या आणि दोर मिळून १८ टन वस्तुमान मोकळं सुटतं. उलटी फिरू लागल्यापासून पाच सेकंदांत वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर जातो, दहा सेकंदांत ६ ते ७. म्हणजे नेहमीच्या वेगाच्या अडीच पट, आणि पायथ्याच्या बुलव्हीलवरून वळताना खुर्च्या बाहेर फेकल्या जातात.

म्हणून ब्रेक तीन हवेत आणि तिन्ही एकमेकांवर विसंबणारे नकोत. नेहमीचा ब्रेक मोटारीच्या वेगवान शाफ्टवर असतो. तो गिअरबॉक्सच्या अलीकडे असल्याने गिअरबॉक्स तुटला की निरुपयोगी. आपत्कालीन ब्रेक थेट बुलव्हीलच्या कडेवर पकड घेणारा हवा. तिसरी उलटफेर-रोधक यंत्रणा: लिफ्ट मागे फिरायला लागताच लोखंडी खुंटी पडून बुलव्हीलच्या खाचेत अडकते. जुन्या लिफ्टवर या खुंटीची बिजागिरी गंजलेली किंवा रंगाच्या थरांनी चिकटलेली असते. हाताने उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने "खट्" आवाज करून पडली पाहिजे. सावकाश उतरली तर ती पडलीच नाही असं समजा. मार्च २०१५मध्ये शुगरलोफवरच किंग पाइन लिफ्ट मागे घसरली, तिथे गिअरबॉक्समधला बिघाड आणि ही खुंटी नीट न पडणं हे दोन्ही एकाच वेळी घडलं.

गिअरबॉक्सचं सांगतो. आधी फिरवायचा मोह आवरा. तळाचा प्लग सोडून तेल स्वच्छ बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवा. तेल दुधाळ असेल किंवा तळाशी पाणी वेगळं झालं तर बेअरिंग बदलायचीच आहेत असं समजा. मग वरचं झाकण उघडा. गंज बहुधा तेलाच्या पातळीच्या वर असतो, कारण खालचे दात तेलात बुडून वाचतात आणि वरच्यांवर दव धरतं. टॉर्च तिरपी धरून दातांच्या बाजू बघा: नुसता तपकिरी डाग पुसला जातो, पण नख अडकेल असा खड्डा असेल तर त्या चाकाची चुंबकीय कणांची तपासणी (पोलादातल्या बारीक भेगा दाखवणारी) झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळी सील बदला, तीस वर्षांनी ती कातड्यासारखी कडक झालेली असतात.

बुलव्हीलचा मधला हब आणि आऱ्यांचे जोड हेही चुंबकीय तपासणीत घ्या. रबराचं अस्तर पूर्ण नवं. दोर टेकत होता तिथे जुन्या अस्तरात खड्डा बसलेला असतो, तो फिरताना प्रत्येक वेळी ठोका देतो.

---

डोंगरउतार

खूप उपयोगी. कालच गिअरबॉक्सचं तेल काढलं. बरणीत तळाशी दोन बोटं पाणी. झाकण अजून उघडलं नाही. पायथ्याच्या चौथ्या टॉवरजवळ ओढ्याचं पाणी येतं, तिथे ग्राउट हाताने निघतंय.

दोन प्रश्न. एक, १००० माणसांची क्षमता आम्हाला नकोच आहे. खुर्च्या कमी केल्या तर मोटार लहान चालेल का, दोरावरचा ताण कमी होईल का? दोन, ग्रिप (खुर्ची दोरावर धरून ठेवणारी पकड) आणि चाकांचं काय? चाकांची रबरं तडकलेली आहेत पण हाताने फिरतात.

---

पोलादी दोर

खुर्च्या कमी करणं हा तुमच्या टेकडीसाठी सर्वात शहाणपणाचा निर्णय ठरेल. आकडे पाहा.

मूळ मांडणीत चढत्या बाजूला माथ्याशी ताण: काउंटरवेटचे ३९ किलोन्यूटन, दोराच्या स्वतःच्या वजनाचे साडेपाच, भरलेल्या खुर्च्यांचे २४ (खुर्ची ५५ किलोची धरून) आणि घर्षणाचे पावणेचार. बेरीज ७२. २५ मिमीच्या तंतुगाभ्याच्या दोराची तुटण्याची ताकद साधारण ३६५ धरली तर सुरक्षिततेचा गुणक जेमतेम ५. नव्या दोरासाठी ५ ही किमान मर्यादा आहे, म्हणजे मूळ लिफ्टच काठावर होती. आता तासाला ६०० माणसं धरा: १२ सेकंदांना एक खुर्ची, ३० मीटर अंतर, चढत्या बाजूला ३० खुर्च्या, एकूण ६०. ताण ६१-६२वर येतो, गुणक ६च्या जवळ. मोटारीची गरज ६४ किलोवॅटवरून ४०वर उतरते, सुरू होतानाच्या धक्क्यासकट ५५ किलोवॅटची मोटार पुरते. शिवाय १२ सेकंदांच्या अंतरामुळे शिकाऊ माणसाला बसायला वेळ मिळतो, लिफ्ट वारंवार थांबत नाही. दोराचा खरा आकडा मात्र नव्या दोराच्या प्रमाणपत्रावरून घ्या. माझा आकडा फक्त अंदाज बांधण्यासाठी.

यात एक गोम आहे. लाइन हलकी झाली की खोलगट भागातल्या टॉवरवर दोर वर उचलला जायला बघतो. उंचवट्यावर दोर चाकांवर दाबून बसतो, पण दरीसारख्या जागी त्याला खाली धरून ठेवणारं वजन खुर्च्यांचंच असतं. खुर्च्या काढल्या आणि काउंटरवेट तेवढंच ठेवलं तर दोर त्या टॉवरवर चाकं सोडून तरंगेल. म्हणून संपूर्ण लाइनचं गणित नव्याने, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत, परवानाधारक रोपवे अभियंत्याकडून करून घ्या. काउंटरवेट कमी करावं लागेल किंवा एखाद्या टॉवरवर दोराला वरून दाबणारी चाकं बसवावी लागतील. "आम्ही फक्त खुर्च्या कमी केल्या" हे वाक्य तपासनीस ऐकून घेणार नाही.

उरलेल्या ४० खुर्च्यांपैकी दहा सुट्या भागांसाठी ठेवा. बाकीच्या गावकऱ्यांना आठवण म्हणून विका. अंगणात झोपाळा करायला लोक आनंदाने घेतात. दोर आणि ग्रिपच्या खर्चाला त्याने हातभार लागतो.

चाकं: हाताने फिरतात हे चांगलं लक्षण नाही, वाईटही नाही. वंगण वाळलं तरी रिकामं चाक फिरतं. १२ टॉवर, प्रत्येक बाजूला सरासरी चार चाकं धरली तर ९६. सगळ्यांची बेअरिंग आणि रबर बदला. निवडक बदलू नका, कारण नव्या आणि जुन्या रबराच्या जाडीतल्या फरकामुळे एकाच रांगेतल्या एका चाकावर दुप्पट भार येतो. हे काम स्वयंसेवकांना शेडमध्ये बसून करता येतं. महिनेच्या महिने लागतात, पण पैसे वाचतात. चाकांच्या रांगेच्या मधल्या पिना आणि बुश मात्र विसरू नका. रांग झोका घेऊन भार वाटून घेते ती त्या पिनेवर. ती जाम असेल तर नवी चाकंही झिजतात.

दोर उतरला तर लिफ्ट थांबवणाऱ्या ठिसूळ पट्ट्या सगळ्या नव्या लावा. नंतर प्रत्येक टॉवरवर सर्किट एकदा मुद्दाम तोडून लिफ्ट थांबते का ते बघा. बाराच्या बारा टॉवरवर, दोन्ही बाजूंना.

ग्रिप: सगळ्या उतरवा, रंग काढा, सगळ्यांची चुंबकीय कणांची तपासणी करा. चालू लिफ्टला दरवर्षी काही हिस्सा तपासला तरी चालतं, पण तीस वर्षं बंद असलेल्या लिफ्टला शंभर टक्के. खुर्चीच्या दांड्याचीही तीच गत: पोकळ नळ जिथे खाली वाकतो तिथे आतून पाणी बसतं. वाकाच्या तळाशी हातोडीने हलकेच ठोका, आवाज बसका आला तर नळ कापून आत बघा. बसवल्यावर प्रत्येक ग्रिपच्या शेजारी दोरावर रंगाची रेघ मारा. आठवडाभराने रेघ आणि ग्रिप यांत फट दिसली तर ग्रिप सरकते आहे.

नवा दोर ताणला जातो हे आधीच धरून ठेवा. १,८३० मीटरच्या फेऱ्याला ०.३ टक्के वाढ म्हणजे साडेपाच मीटर, आणि त्याच्या निम्मं, पावणेतीन मीटर काउंटरवेटचा गाडा सरकतो. खड्ड्यात तेवढी जागा नसेल तर पहिल्याच हंगामात गाडा टोकाला टेकतो, दोर ढिला पडतो आणि बुलव्हीलवर घसरतो. सुरुवातीला गाडा पुढच्या टोकाजवळ ठेवून जोड द्या आणि हंगामानंतर पुन्हा जोड देण्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा. जोड किमान दोराच्या व्यासाच्या १,२०० पट लांब, म्हणजे तुमच्या दोराला ३० मीटर. यासाठी दोर जोडणारा माहीर माणूस बोलवा. हे शिकत शिकत करायचं काम नाही.

---

तारतंत्र

विजेचं थोडक्यात. जुन्या पॅनेलमधलं काहीच ठेवू नका. उंदरांनी इन्सुलेशन खाल्लेलं असतं आणि तार जिथे तुटली तिथे सुरक्षा सर्किट उघडं पडण्याऐवजी दुसऱ्या तारेला चिकटून "सगळं ठीक" दाखवू शकतं. सुरक्षा सर्किट असं हवं की नेहमी त्यातून वीज वाहत राहील: तार तुटली, संपर्क निघाला, वीज गेली, काहीही झालं तरी लिफ्ट थांबलीच पाहिजे.

ड्राइव्ह माथ्यावर आहे म्हणजे तीन फेजची वीज माथ्यापर्यंत न्यावी लागेल. बजेटमध्ये हा आकडा लोक विसरतात. वीज कंपनीकडून त्या लाइनचा दर आत्ताच मागवा. तो मोटार आणि ड्राइव्ह मिळून होणाऱ्या खर्चाच्या वर गेला तर आश्चर्य मानू नका. डिझेल इंजिन राखीव म्हणून लागतंच. ते दर आठवड्याला भाराखाली चालवून बघायचं. थंडीत पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा बॅटरी मेलेली असणं हा नेहमीचा किस्सा आहे.

जुनी मोटार ठेवायचीच असेल तर मेगरने (इन्सुलेशन तपासणारं मीटर) इन्सुलेशन मोजा. ती ओलसर असेल तर आत ६० वॅटचा दिवा लावून आठवडाभर वाळवा, मग पुन्हा मोजा. आकडा एक मेगओमच्या खाली राहिला तर तिला गुंडाळणीला पाठवा.

भाराची चाचणी: एएनएसआय बी७७.१ या अमेरिकी मानकानुसार चाचणी मूळ भाराच्या ११० टक्क्यांवर होते. दोन माणसांचे १५४ किलो, त्याचे ११० टक्के म्हणजे खुर्चीमागे १७० किलो. २० लिटरचे पाण्याचे कॅन सर्वात सोयीचे: आठ भरलेले आणि एक अर्धा. आदल्या रात्री भरून बाहेर ठेवू नका, गोठून फुटतात. फक्त चढत्या बाजूच्या खुर्च्या भरा, मग लिफ्ट थांबवून तिन्ही ब्रेक आळीपाळीने एकट्याच्या जिवावर धरतात का ते बघा. राज्याचा तपासनीस हजर असेल त्या आधी एकदा स्वतः करून पाहा.

---

डोंगरउतार

समितीला हे सगळं वाचून दाखवलं. या उन्हाळ्यात दोर उतरवण्याचं कंत्राट आणि टॉवर ४ची तपासणी, हिवाळ्यात रोप टो. टी-बार त्याच्या पुढच्या वर्षी. टी-बारच्या डब्यांतल्या स्प्रिंगांचं काय करू? काही दोऱ्या ओढल्या की परत जातात, काही अर्ध्यावर थांबतात.

---

बुलव्हील

अर्ध्यावर थांबणारे डबे धोकादायक, आणि झटक्याने परत जाणारे त्याहून धोकादायक. माणूस टी सोडतो तेव्हा दोरी सावकाश गुंडाळली जायला हवी. आतला अपकेंद्री ब्रेक झिजला असेल तर टी उसळून वर जाते, वाहक दोराभोवती गुंडाळली जाते आणि पुढच्या टॉवरच्या चाकांत अडकते.

डबा उघडण्याआधी स्प्रिंगचा ताण पूर्ण सोडा. गुंडाळलेली पट्टी-स्प्रिंग झाकणासकट उडते आणि बोटं जातात. दोन माणसं, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि डबा शिकंज्यात पकडलेला. दोऱ्या सगळ्या नव्या घ्या. जुनं नायलॉन उन्हाने आणि काळाने कुजलेलं असतं, हाताने दुमडून बघितलं की पावडर पडते. जुन्या दोरीची लांबी मोजून नवी तेवढीच ठेवा. लांब झाली तर परतल्यावर टी माणसांच्या डोक्याच्या उंचीवर लोंबकळेल. बसवल्यावर प्रत्येक डबा पन्नास वेळा पूर्ण ओढून सोडा आणि क्रमांक टाकून वहीत नोंद करा. जो एकदाही अडकला तो बाजूला.

चढाचा रस्ता आडवा कललेला नसावा, नाहीतर दोन माणसांची टी एका बाजूला ओढते आणि दोघं दोराखालून बाहेर सरकतात. उन्हाळ्यातच तो बुलडोझरने सपाट करून घ्या, बर्फाने भरून निघेल या भरवशावर राहू नका. वर सुटायच्या जागेपलीकडे, माणूस धडकताच लिफ्ट थांबवणारी तार लावा. रोप टोलाही तशीच. तिथे तर जास्तच, कारण रोप टोचा दोर स्वतःभोवती पिळतो आणि लोंबता मफलर किंवा केस आत ओढून घेतो. लिफ्ट पूर्ण वेगात असताना थांबवून किती अंतरात थांबते ते मोजा, आणि तार पहिल्या चाकापासून त्याच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा. मोजमाप बर्फ पडल्यावर आणि भार नसताना घ्या. लिफ्ट तेव्हाच सगळ्यात लांब जाऊन थांबते.